सूनबाईच्या दुधाचा तक्ता

३ मार्च, सोमवार

सूनबाईच्या हाडांचा रिपोर्ट आला. वय छत्तीस आणि हाडं माझ्यापेक्षा म्हातारी! स्टिरॉइडची इंजेक्शनं, त्यात चालणं कमी. जानेवारीत पडली तेव्हा मनगटावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, "आता पडून चालणार नाही. खुबा मोडेल."

मल्टिपल स्क्लेरॉसिस. नाव लिहीपर्यंत चहा निवतो! नसांवरचं आवरण झिजतं, म्हणून हातपाय ऐकत नाहीत — पुस्तिकेत बोट ठेवून वाचलं. शाळा चौथीत सुटली, पण वाचायची खोड काही सुटली नाही. हे असते तर म्हणाले असते, "डॉक्टरीणबाई, आधी चष्मा पुसा."

५ मार्च

आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बाई कसली, पोरगीच! सगळं वाटीनं मोजते. मी मनात नाव ठेवलं — वाटीवाली.

"आजी, जेवणानं हा आजार बरा होत नाही. कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. पण हाडं राखता येतात." कॅल्शियम एकदम नको, दिवसभरात थोडं थोडं. शरीर एका वेळी थोडंच घेतं म्हणे. आठवडाभराचा तक्ता भरायचा, त्यावर गोळी ठरणार. सूनबाईच्या बोटांत पेन ठरत नाही, म्हणून लिहायचं काम माझं.

८ मार्च

दूध दोन पेले, दही एक वाटी. तक्ता भरला. अक्षर बरं आलंय!

९ मार्च, रविवार

तिच्या हातून पेला निसटतो म्हणून ह्यांचा मोठ्या कानाचा कप काढला. दोन वर्षं कुणी वापरला नव्हता. धुतला, पुसला, पुन्हा धुतला. मग दूध ओतलं. तिनं दोन्ही हातांत धरला. बरं वाटलं. वाईटही वाटलं.

१२ मार्च

वाटीवालीनं तक्ता पाहिला. "एवढं पोटात जात असेल तर गोळीची गरज नाही." मी फुशारले! सूनबाई चपलेकडे बघत राहिली. थकली असेल.

१३ मार्च

काय म्हणावं ह्या घोड्याला! पातेलं घ्यायला वळले तर दाराआड आमचे चिरंजीव — ह्यांच्या कपातलं दूध घटाघटा पिताना. वयाच्या चाळिशीला पांढरी मिशी!

"बायकोचं दूध पितोस?"

"ओरडू नकोस गं आई. तीच देते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याची ढेरी वाढतेय आणि तिची हाडं उपाशी! पण चूक माझीच. मी पेल्यात ओतलं तेवढं लिहीत गेले. पोटात काय गेलं ते पाहिलंच नाही. वाढलं म्हणजे खाल्लं, अशी जन्मभराची समजूत. माझ्या सुंदर अक्षरापायी तिची गोळी गेली.

दुपारी ती टॉवेलच्या घड्या घालत होती. शेजारी बसले. रागवायचं नाही, असं ठरवून.

"आई, दूध प्यायलं की लगेच धावावं लागतं. थांबवता येत नाही. आणि मला धावता कुठं येतं?"

पाणीसुद्धा दिवसात तीनच भांडी पिते! जानेवारीत पडली तीही बाथरूमच्या वाटेवरच.

"मग हाक का मारली नाहीस?"

"तुमचे गुडघे दुखतात." मग हळूच — "लाज वाटते हो."

हेसुद्धा असेच. छातीत कळ आली तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. मिक्सर चालू होता. हाक मारली की नाही, मला कधीच कळणार नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला बोलले नव्हते. तिला सांगितलं. तिनं घडी घातलेला टॉवेल माझ्या डोळ्यांना लावला.

१५ मार्च, शनिवार

तक्ता खोडून खरा लिहिला. गिचमीड झालाय, पण खरा आहे. वाटीवाली रागावली नाही. "पाणी तोडू नका, त्रास वाढतो. लघवीचं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, त्यावर उपाय असतात." पेलाभर दुधाचा हट्ट नको. घट्ट दही, पनीर, भाजीवर तिळाची पूड. कमी पडेल त्याला गोळी, जेवणाबरोबर.

"आणि तुमच्या मुलाचं दूध बंद!" सूनबाई इतकी हसली की मला तिला धरावं लागलं. तिनं धरू दिलं.

१८ मार्च

दही पाऊण वाटी. समोर बसून पाहिलं. "आई, पोलिसासारखं बघू नका!" बघणारच.

२२ मार्च

सकाळी अकरा वाजता सूनबाईनं हाक मारली. गुडघे विसरून धावले.

पडली नव्हती. पडायच्या आधी मारली.