सावनी यायच्या आधी

शुगर लँड, टेक्सस
१३ जून २००४

प्रिय शैलजावहिनी,

नमस्कार. सावनीचा व्हिसा झाल्याचं ऐकलं आणि तिची ही आत्या फोन ठेवून जागच्या जागी नाचली. तिच्या खोलीला पडदे लावलेत, टेबल आणलंय. युनिव्हर्सिटीत मीच सोडेन, इथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. उकाडा भयंकर आहे, सुती कपडे भरपूर दे. मेतकूटही दे. तुझी बँकेतली बदली टळली का?

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. तीन दिवस मी पत्राला बसतेय आणि पडदे-मेतकुटातच घुटमळतेय. तेव्हा सांगून टाकते.

तेल कंपनीच्या लॅबमधली माझी नोकरी दोन वर्षांपूर्वी लेऑफमध्ये गेली. आता क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, असं तुला सांगितलं होतं. कशाची क्वालिटी, ते सांगितलं नाही. वहिनी, मी वाइनच्या दुकानात काम करते. वाइन चाखून ती घ्यायची की नाही ते ठरवते.

पत्र फाडू नकोस. पुढचं वाच.

आधी नुसती काउंटरवर उभी राहायचे. एकदा मालकीणबाई, मिसेस हॉलंड, बाटली उघडून नाक मुरडत होत्या. मी वास घेऊन म्हटलं, "बुचाला बुरशी लागलीय." दहा वर्षं तेलातलं गंधक हुंगण्यात गेलेली, नाक तयारच होतं. तेव्हापासून त्या मला चाखायला बसवतात. आमच्याकडे बहुतेक माल ऑस्ट्रेलियाचा, दहा डॉलरच्या आतला, साध्या माणसांनी रोजच्या जेवणाबरोबर घ्यावा असा. घोट तोंडात घोळवायचा आणि भांड्यात थुंकायचा. माझ्या वहीत मराठीत नोंदी असतात: 'लाल शिराझ २००२. जांभूळ, मिरी, मागून निलगिरी. गोडवा ओढूनताणून आणलेला.'

गेल्या मंगळवारी एका व्यापाऱ्याने सेमियोन नावाच्या पांढऱ्या वाइनचा नऊ वर्षं जुना साठा स्वस्तात काढला. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, एक गेल्या वर्षीची, एक ती जुनी. नवी अगदी साधी, लिंबाची साल पाण्यात पिळावी तशी. जुनी पिवळीधमक. दोघे सेल्समन म्हणाले, "ही गेली." मिसेस हॉलंडनीही ग्लास बाजूला सारला. मी पुन्हा वास घेतला. लोणी कढवताना तूप होत आलं की सुटतो ना, तो वास! भाजलेला पाव, मध, आणि खाली अजून ताजं लिंबू.

"गेलेली नाही," मी म्हटलं. "आंबटपणा बघा, किती ताठ आहे."

"आर यू शुअर, रेनू?"

"शुअर."

त्यांनी पुन्हा चाखली आणि सगळा साठा घेतला. शनिवारपर्यंत अर्धा खपला. काल म्हणाल्या, यापुढे ऑस्ट्रेलियाची सगळी खरेदी तू बघायची.

इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. सांगावंसं वाटलं ते तुला, आणि तुलाच सांगता येत नव्हतं. दादाला ज्याने नेलं, त्यावर मी पोट भरते.

मी एक थेंबही गिळत नाही. पण खरं ओझं ते नाही. सत्त्याण्णव साली साताऱ्याला आले तेव्हा मी दादासाठी एअरपोर्टवरून व्हिस्की आणली होती. तू बँकेत असताना दिली. त्याने दारू सोडून चार महिने झाले, हे तू संध्याकाळी जेवताना कौतुकाने सांगितलंस. मी खाली मान घालून जेवले. बाटली परत मागितली नाही. पुढच्या वर्षी तो गेला.

माझ्या कपाटात चाखायला आणलेल्या तीसेक बाटल्या असतात. तुला नको असेल तर सावनीसाठी युनिव्हर्सिटीजवळ खोली बघेन, मनात काही ठेवणार नाही. पण ठरवायचं ते माहीत असून ठरव.

तुझी,
रेणू


सातारा
२९ जून २००४

प्रिय रेणू,

आशीर्वाद. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. वाइनचा नाही, नोकरी गेल्यावर एकटीने सोसलंस त्याचा.

बाटलीचं मला माहीत होतं. रिकामी झाल्यावर गादीखाली मलाच सापडली. दोन दिवसांत संपवली ह्यांनी. तुला खोटी समजूत घालणार नाही. पण ते चार महिनेही खरे नव्हते गं. त्यातही हे दोनदा पिऊन आले होते. बहिणीसमोर ह्यांची मान खाली जायला नको, म्हणून मी तसं सांगितलं. मी खरं बोलले असते तर तू बाटली परत घेतली असतीस, असं वर्षानुवर्षं मनात यायचं. आता येत नाही. हे तुझ्या बाटलीने गेले नाहीत, माझ्या खोट्यानेही नाहीत. आजारी होते. आपण दोघींनी आपापल्या घरी बसून एकच शिक्षा भोगली.

सावनीला पत्र वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "आत्या थुंकते? बाबांना कुणी शिकवलं नाही हे?" मी आधी दटावलं, मग हसू फुटलं. दोघी हसलो, मग रडलो. ह्यांचं नाव निघाल्यावर या घरात कुणी हसलं नव्हतं.

ती तुझ्याकडेच राहील. कपाटाला कुलूप मात्र लाव. तिच्यासाठी नाही, मला इथे झोप लागावी म्हणून. तिने विचारलं तर बाबांबद्दल सगळं सांग. चांगलंही सांग, ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल.

बढतीचं अभिनंदन. ठाम राहिलीस हे फार आवडलं.

पोरीला तुझ्या हवाली करते आहे, पूर्ण विचार करून.

तुझी,
शैलजावहिनी