आईकडे होतो

४ मार्च

चौकशीला जाऊन आले. चिरंजीवांना कळवलेलं नाही. पोलिसात मोठे साहेब झालेत ना, म्हणाले असते, आई, तुझं काय काम तिथे? माझं काय काम! पोराची साक्ष होणार आणि आईने घरी भाजी निवडत बसायचं?

सभागृह गच्च भरलेलं. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, रिकामी जागा दिसली की पाय आपोआप वळतात. पहिल्या बाकावर एक जागा होती, जाऊन टेकले. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग कळलं — ज्याच्या मृत्यूची ही चौकशी, तो बाक त्या मुलाच्या घरच्यांचा, आणि पिशवीवाल्या बाई त्याची आई! आता उठायचं तरी कसं? बसून राहिले चोरासारखी.

५ मार्च

पुन्हा तिथेच बसले. बाई बेकरीत कामाला आहेत, मनगटांवर भट्टीचे चटके. मुलगा छापखान्यात होता. सरकारविरुद्ध पत्रकं छापली म्हणून पोलिसांनी नेला, आणि सकाळी त्यांच्याच कचेरीच्या आवारात मेलेला सापडला. पोलीस म्हणतात, तिसऱ्या मजल्यावरून स्वतःच उडी मारली. या बाईंनी सहा वर्षं सगळ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे हा चौकशी आयोग बसला.

आणि काय बसलाय! न्यायमूर्ती म्हणजे एवढासा म्हातारा, स्वेटर कोपरावर विरलेला. बोलतो इतकं हळू की कान टवकारावे लागतात. पण भलेभले अधिकारी त्याच्यापुढे उभे राहून घाम पुसतात. कुणी 'आठवत नाही' म्हणालं की हा म्हणतो, "आठवा. आम्ही थांबतो." आणि खरंच थांबतो! सगळं सभागृह श्वास रोखून थांबतं. सरकारला असं उभं करून विचारता येतं, हे मला या वयात कळलं.

६ मार्च

आज कामकाज नाही. दिवसभर करमलं नाही. गंमतच आहे!

७ मार्च

शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांची साक्ष. एकेक जखम वाचून दाखवत होते. वकिलांनी बाईंना हळूच विचारलं, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का? बाई म्हणाल्या, "नको. त्याने सोसलं. मला नुसतं ऐकायचंय."

शेवटपर्यंत ऐकलं. मान ताठ, हात मांडीवर. मीच जमिनीकडे बघत होते. मी काही कुणाला घाबरणारी नाही — फुकट्या पैलवानाला भर चौकात बसमधून खाली उतरवलंय मी! पण या बाईंपुढे मी कुणीच नाही. घरी येताना रस्ताभर त्यांचाच विचार.

८ मार्च

चिरंजीवांची साक्ष झाली. गणवेश कडक, आवाज त्याहून कडक. आमच्या बाकाकडे पाठ, मी दिसले नाही त्याला. तो मुलगा मेला त्या रात्री कुठे होता, असं विचारलं.

"आईकडे होतो," म्हणाला. "नऊला पोचलो, जेवलो, तिथेच झोपलो."

माझ्याकडे! ती तारीख मी कशी विसरेन? त्याचा वाढदिवस होता. येतो म्हणाला होता. वाट बघून बघून अन्न गार झालं, मी तशीच न जेवता आडवी झाले. आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन, की काम निघालं होतं. मी मेली त्याचं काम फार म्हणून हळहळले!

न्यायमूर्ती म्हणाले, आईंना मंगळवारी बोलवा. बेकरीवाल्या बाई माझ्या कानाशी झुकल्या. "त्या माउलीवर काय वेळ आणली बघा."

त्या माउलीवर! ज्यांचं पोर गेलं त्या माझी कीव करताहेत. आणि मी शेजारी बसून गप्प!

१० मार्च

चिरंजीव घरी आला. येताना फळं. एवढी फळं त्याने आजारपणातही आणली नव्हती. फक्त हो म्हणायचं, एका शब्दाचं काम आहे, असं समजावत बसला. नोकरी, बायको, मुली, सगळं मोजून दाखवलं. मी विचारलं, "त्या पोराला तू हात लावलास का?"

ताट बाजूला सारलं. न जेवता उठला.

लहानपणी खोटं बोलला की कान पिळायची मी. आता कान हाताला लागत नाही. एकुलतं एक पोर माझं. नाही म्हटलं तर तुरुंगात जाईल. हो म्हटलं तर त्या बाईंच्या मुलाने स्वतःहून जीव दिला, असंच कायमचं लिहिलं जाईल. देवा, कुठून त्या बाकावर जाऊन बसले!

११ मार्च

सांगून टाकलं बाईंना. त्यांनी आजही माझ्यासाठी जागा धरली होती, म्हणून आधी बसलेच नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, मी त्याची आई.

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "बसा. उद्या काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तुमच्याकडे काही मागणार नाही."

आणि सरकल्या थोड्या! हे माणूस कशाचं बनलंय? दिवसभर त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले. तिथे काय चाललं होतं, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

१२ मार्च

न्यायमूर्तींनी विचारलं. मी म्हटलं, "नाही. त्या रात्री तो आला नव्हता."

मागे खुर्ची सरकली. चिरंजीव उभा. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडणार.

"आई खरं बोलतेय," म्हणाला. "साहेब, आम्ही चौघे होतो. नावं सांगतो."