दाराआडचा पाय

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. धाकट्या भावाची काळजी घे असं तुला लिहिणं म्हणजे नदीला पाणी पाजण्यासारखं आहे, म्हणून लिहीत नाही.

काल आमच्या दिग्दर्शक साहेबांचा तो सिनेमा पाहिला. ज्यानं आपल्या धाकट्याचं कंबरडं मोडलं तो पाहायला हा कशाला गेला, असं म्हणशील. पास पैलवाननं दिला. पैलवान म्हणजे आमचा कॅमेरामन. एवढं जड यंत्र अंगावर बांधून दीड तास चालतो म्हणून त्याला सगळे तसंच म्हणतात. माझं काम तुला ठाऊक आहे. त्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला उलटं चालवायचं. त्याची नजर कॅमेऱ्यात, माझी वाटेवर.

पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत सगळं एका दमात काढलेलं. मध्ये कुठे कात्री नाही. कॅमेरा वळला की त्याच्या पाठीमागे सुतार भिंत सरकवणार, नट जिन्याखाली बसून कपडे बदलणार, आणि एखाद्याला शिंक आली की सगळं पहिल्यापासून. महिनाभर घोटून घोटून शेवटी एकदाच नीट उतरलं. धाकटा पडला तो त्याच दिवशी.

तो पहिल्यापासून सांगतोय की टेक चालू असताना सेटच्या अंगणातल्या शिडीवरून दिव्यासकट पडलो. साहेब सांगतात, काम आटोपल्यावर पिऊन पडला. लोकांना साहेबांचं पटलं, कारण माणूस पडेल आणि ओरडणार नाही हे कुणाच्या गळी उतरेना. टेक जमल्याच्या टाळ्या संपल्यावर मी पोचलो तेव्हा तो अंगणात नव्हे, सेटमागच्या गोदामाच्या भिंतीशी पडलेला होता आणि त्याच्या सदऱ्याला दारूचा वास येत होता. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्या सदऱ्याला.

आता काल काय दिसलं ते सांगतो. अखेरीला कॅमेरा जिना उतरून अंगणाच्या दारासमोरून जातो. दार अर्धं लोटलेलं आहे. त्याच्या आड जमिनीवर एक पाय दिसतो, अंगठ्याशी ठिगळ लावलेला बूट घातलेला. ते ठिगळ तूच लावून घेतलं होतंस. आणि ताई, तो पाय हलत होता. मी तिथूनच पैलवानला धरून गेलो होतो, पण माझे डोळे उंबऱ्यावर होते.

सिनेमा संपल्यावर साहेब मंचावर आले आणि म्हणाले की या चित्रात नंतर एक धागाही बदललेला नाही. मी अंधारात बसून ते वाक्य पाठ करून घेतलं.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा भाऊ

दि. १५ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र धाकट्याला वाचून दाखवलं.  मग मी खडसावून विचारलं की मेल्या, तू ओरडला का नाहीस. तेव्हा कुठे तोंड उघडलं. म्हणाला, टेक अखेरीला आला होता, ओरडलो असतो तर सगळ्यांची महिनाभराची मेहनत वाया गेली असती, म्हणून हातातला मोजा काढून तोंडात कोंबला. आजवर सांगितलं नाही, कारण लोक मूर्ख म्हणतील. मी म्हटलं, लोक आत्ता काय म्हणतात ते तरी बरं आहे का.

त्याचं ठरलेलं लग्न मोडलं ते तुला माहीत आहे. पण मुलीचा बाप परवा बाजारात भेटला आणि मलाच विचारू लागला की आता सुटली का हो भावाची दारू. पिशवीतल्या भाज्या त्याच्या डोक्यात घालणार होते.

तू देवभोळा. देव बघून घेईल असं लिहू नकोस. देवाला खूप कामं आहेत, हे आपण करू. त्या माणसाला जिथे दुखेल तिथेच मारायचं. मला विचारशील तर पायातली काढून भर सभेत, पण तू शहाणा आहेस.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

दि. २२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

देव बघून घेईल असं लिहीत नाही. रोज सकाळी त्याच्यापुढे बसतो, पण या गोष्टीबद्दल काही मागत नाही. मागितलं तर तो नको म्हणेल अशी धास्ती वाटते.

पायातली काढून उपयोग नाही. त्यानं साहेबच मोठे होतील. आपल्या शाळेतले गुरुजी खोटं बोलणाऱ्या मुलाला मारत नसत. तीच गोष्ट दोनदा विचारत आणि मग गप्प बसत. साहेबांची दोन तोंडं आहेत. एक म्हणतं, सिनेमात काही बदललेलं नाही. दुसरं म्हणतं, धाकटा काम संपल्यावर पडला. ती दोन्ही एकाच खोलीत समोरासमोर बसवायची. पाय खरा म्हणावा तर धाकटा खरा. पाय नंतर घातला म्हणावा तर सिनेमा खोटा.

सिनेमा शिकवणाऱ्या शाळेत पुढच्या महिन्यात खेळ आहे, नंतर प्रश्नोत्तरं आहेत. पैलवानला सांगितलं. साहेबांचं मीठ खाल्लंय म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला की आपल्यालाही त्या गोदामाची स्वप्नं पडतात, मी शेजारी बसेन.

लोभ असावा हे वेगळं काय लिहू.
तुझा भाऊ

दि. ३० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी येतोय. नको म्हणू नकोस. गाडीत चढवायला शेजारचे काका आहेत, उतरवायला तू ये. ताईला मुद्दाम आणत नाही. ती चप्पल घेऊन आली तर तुझे गुरुजी बाजूला राहतील.

एक विनंती. प्रश्न विचारताना माझ्याकडे बोट दाखवू नकोस. मला वाटलं तर मी आपणहून उठेन.

तुझाच,
धाकटा

दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं. जसं झालं तसं लिहितो.

सभागृह पोरापोरींनी भरलेलं. साहेब खुशीत होते. मी हात वर केला. त्यांनी मला ओळखलं, हसले, आणि हा माणूस नसता तर आमचा कॅमेरा विहिरीत गेला असता असं सगळ्यांना सांगितलं. पोरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी थांबलो आणि विचारलं की चित्रात नंतर काही घातलं किंवा काढलं का. ते म्हणाले, शपथेवर सांगतो, नाही. मग विचारलं की अखेरीला अंगणाच्या दाराआड पाय दिसतो तो कुणाचा.

साहेब हुशार खरे. म्हणाले की तो पाय मुद्दाम ठेवलाय, घरात एक परका मृत्यू येऊन पडलाय असं त्यातून सुचवायचं होतं. दोनतीन पोरांनी ते वहीतसुद्धा उतरवून घेतलं. मी म्हटलं, म्हणजे त्या वेळी तो माणूस तुमच्या सांगण्यावरून तिथे कामावर होता.

ते हो म्हणाले आणि मागच्या रांगेत काठी वाजली. धाकटा उभा राहिला. ताई, नुसता मधल्या वाटेनं एकेक पाऊल टाकत पुढे आला. इतका वेळ लागला की लोकांनी माना वळवून त्याचं सगळं चालणं पाहिलं. मंचाखाली पोचल्यावर म्हणाला की साहेब, त्या मृत्यूला तुम्ही दारू पाजली होती का.

साहेबांनी पैलवानकडे पाहिलं. पैलवाननं मान खाली घातली नाही. त्यानं उठून सांगितलं की दिवा टेकमध्ये विझला, पडल्याचा आवाज मी ऐकला, साहेबांनी चालत राहा अशी खूण केली आणि नंतर सदऱ्यावर बाटली कुणी ओतली तेही मी पाहिलं. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

त्यांचा चेहरा पाहून माझ्या मनाला जो गारवा वाटला तो पूजेतही कधी वाटला नाही. हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही.

तुझा भाऊ

दि. ११ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

इकडची बातमी. काल साहेबांचा माणूस घरी आला, बुके घेऊन. मी तो दाराबाहेरच ठेवायला लावला, घरात कुणी वारलेलं नाही म्हटलं. दारूचा आरोप खोटा होता असं साहेबांच्या सहीचं पत्र त्यानं आणलं. ते मी दोनदा वाचलं आणि मुलीच्या बापाच्या दारात जाऊन तिसऱ्यांदा वाचलं, मोठ्यानं. तो आता सोयरीक पुन्हा जोडायची म्हणतोय. धाकटा म्हणाला, तिला स्वतःला येऊन बोलू दे, बापाशी माझं काही बोलणं नाही.

पण तो माणूस खरा आला होता वेगळ्याच कामाला. त्या सभेतली हकीगत ऐकून सिनेमाला बक्षीस देणाऱ्या मंडळींनी साहेबांना कळवलंय की पडद्यावर खरा जखमी माणूस तडफडताना दाखवलाय, त्याची संमती आणा, नाहीतर तेवढा भाग काढा. काढायचा म्हणजे तिथे कात्री लावायची. तो रडकुंडीला येऊन म्हणाला की एक सही द्या, हा सिनेमा न कापलेला म्हणूनच जगभर ओळखला जातो, तुमच्याही मेहनतीचा आहे.

धाकट्यानं विचारलं की मी सही केली तर पाय तसाच राहील का. तो माणूस म्हणाला, कायमचा. मला वाटलं, हा आता विरघळतो. या सिनेमाचा केवढा अभिमान होता त्याला. त्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, कापा.

शेजारी विचारतात, तुमच्याकडे एवढं हसायला काय झालं. तब्येतीला जप.
तुझी ताई

दि. २६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल पैलवानबरोबर कापलेला सिनेमा पाहिला. साहेबांच्या नव्या सेटवर शिडी चढायला माणूस मिळत नाही, आम्ही दोघंही गेलो नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे.

जिना उतरेपर्यंत सगळं पूर्वीसारखं. मग अंगणाचं दार जवळ येतं आणि चित्राला एक हिसका बसतो. डोळ्यांची पापणी लवावी एवढाच. दाराआड आता कुणी नाही. पण ती हकीगत आता सगळ्यांना ठाऊक आहे; हिसका बसताच पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोकडे वाकला आणि हळूच म्हणाला, इथे, इथे पडला होता तो. सगळ्या सभागृहात कुजबुज झाली. मग शेवटचा तो भाग आला, ज्यासाठी साहेबांनी आम्हाला महिनाभर राबवलं होतं. तो कुणी पाहिला नाही. लोक अजून मागच्या दाराबद्दल बोलत होते.

साहेब माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते. ते उठून गेले. मी मात्र शेवटपर्यंत बसलो, ताई, आणि हात जोडले. देवाला सांगितलं की याचा हिशेब माझ्या नावावर लिही, धाकट्याच्या नको.

तुमच्या दोघांच्या मायेवर जगणारा,
तुझा भाऊ