चालू राहिलेला माइक

प्रिय मारिउच्चा,

तुझ्या नवऱ्याच्या, ओत्तावियोच्या, गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा करते. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून तू तो गुडघा माझ्या पुढ्यात आणून टाकलास, त्यामुळे मला सरोवरांची सहल एकटीने करावी लागली. बसमध्ये तुझ्या सीटवर माझी पर्स ऐटीत बसून आली. मी रागावले होते, आणि अजूनही पुरती निवळलेली नाही. नाताळात त्याला सर्दी, ईस्टरला तुझं पोट, आता गुडघा. जन्मभर औषधाच्या दुकानात उभी राहिलेली बाई आहे मी. कोण कुठला आजार खरा सांगतो आणि कोण वेळ मारून नेतो, हे मला काउंटरच्या अलीकडून कळतं. पण ते राहू दे. फोनवर तू 'दूध उतू जातंय' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. पत्र काही उतू जात नाही.

सहलीच्या जाहिरातीत काय लिहिलं होतं ते तुला आठवत असेल. आपण दोघींनी मिळूनच वाचलं होतं. सोबत तज्ज्ञ व्याख्याते, कलेच्या इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक गाल्लारीनी. उंच, वाळका माणूस, पांढरी दाढी, तागाचा कोट, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची पोरगीसुद्धा सरळ बसावी. सगळ्यांच्या कानात एकेक यंत्र अडकवलेलं, प्रोफेसरांच्या कोटाला माइक. म्हणजे माणूस खांबाआड गेला तरी ज्ञान आपल्या कानात चालूच. सहल सांभाळायला देबोरा नावाची मुलगी होती, सदा पळत असलेली. बाकी सगळे आपल्याच वयाचे. त्यातला एकच तुला सांगण्यासारखा, पावियाचा बोस्सी. आयुष्यभर ट्राम चालवली, लाल झेंड्याखाली म्हातारा झाला, आणि लग्नं-मर्तिकं सोडून देवळात पाऊल ठेवलं नाही असं अभिमानाने सांगतो. पहिल्याच नाश्त्याला माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हणाला, "सिन्योरा, तुम्ही नन्सच्या शाळेतल्या ना? ब्रेडला लोणी लावतानासुद्धा पाप होईल अशा बेताने लावताय." मी म्हटलं, तुम्ही ट्राममध्ये तिकीट मागितल्यासारखं बोलता, म्हणून मला तुमचाही धंदा ओळखता आला. तेव्हापासून तो रोज माझ्याच टेबलावर.

पहिल्या दिवशी ओर्ता सरोवर. बोटीत प्रोफेसरांनी संत जूलिओची गोष्ट सांगितली, आपला अंगरखा पाण्यावर पसरून बेटावर गेला आणि तिथले साप हाकलले, ती. फार सुंदर सांगितली. जेवताना पुन्हा सांगितली. परतताना बसमध्ये तिसऱ्यांदा, त्याच शब्दांत, त्याच जागी थांबून. बोस्सी माझ्या कानाशी लागला, "साप परत परत येताहेत बहुतेक." मला हसू आलं नाही. मी पैसे भरले होते ते तज्ज्ञासाठी, घासलेल्या तबकडीसाठी नाही. दुसऱ्या दिवशी मादज्जोरे सरोवरातल्या बेटावरच्या बागेत ते म्हणाले, "काल कोमोला आपण पाहिलं त्याप्रमाणे…" काल कोणी कोमोला गेलं नव्हतं, मारिउच्चा. कोमो उद्यावर होतं. मी तिथेच देबोराला गाठलं आणि बजावलं, मुली, कंपनीला कळव, दुसरा माणूस पाठवा म्हणावं, नाहीतर रात्री मी फोन करते. तिचा चेहरा पडला. "सिन्योरा, एक दिवस थांबा," एवढंच ती म्हणाली. मी थांबणार नव्हते. तू मला ओळखतेस.

मग मोकळा वेळ मिळाला. सगळे बागेत पांगले. अझेलिया अशा फुललेल्या की पानच दिसत नव्हतं, आणि एक पांढरा मोर वाटेत उभा राहून जाणाऱ्या-येणाऱ्याचा पाणउतारा करत होता. मी बाकावर बसले. कानातलं यंत्र काढायचं राहिलं होतं. सगळ्यांचंच राहिलं होतं, आणि प्रोफेसर माइक बंद करायला विसरले. आधी नुसता श्वास ऐकू आला, जिना चढल्यासारखा. मग त्यांचा आवाज, पण तो व्याख्यानाचा नव्हे. "देबोरा, हसू नकोस. हे सरोवर कुठलं?" ती म्हणाली, मादज्जोरे, प्रोफेसर. "आणि उद्या?" उद्या कोमो. परवा वारेसेची पवित्र टेकडी, आणि मग घर. मग म्हणाले, "त्या औषधवाल्या बाईंना कळलंय. त्या मला पाहत नाहीत, तपासतात. तक्रार करतील, आणि बरोबरच करतील. पण देबोरा, एवढी सहल मला पुरी करू दे. चितारलेल्या भिंतीसमोर उभा राहिलो की सगळं येतं गं. भिंतीपासून वळलो की मग जातं. आत्ताच परत पाठवलं तर मुलगी मला खुर्चीत बसवेल, पायांवर शाल घालेल, आणि त्या खुर्चीतून मी पुन्हा उठणार नाही."

मी मान वर केली. झाडाखाली, कारंज्याजवळ, पायऱ्यांवर, जो जिथे होता तिथे गोठलेला, कानाला हात लावून. कोणी कोणाकडे पाहीना. बोस्सी माझ्या समोरच्या वाटेवर होता. त्याने आपलं यंत्र हळूच काढलं, खिशात टाकलं, आणि माझ्याजवळ येऊन बसला. मला वाटलं आता हा टोमणा मारणार. तो म्हणाला, "माझी बायको शेवटी मला ट्रामचा इन्स्पेक्टर समजायची. मी रोज तिचं तिकीट तपासायचो. खूश व्हायची." मग थोड्या वेळाने, "तुम्ही फोन करणार आहात का, सिन्योरा?" मी त्याला म्हटलं, मूर्खासारखं बोलू नका. पण मारिउच्चा, तासाभरापूर्वी मी तो फोन केलाच असता.

कोणी बैठक घेतली नाही, कोणी काही ठरवलं नाही. जेवणाच्या टेबलावर प्रोफेसरांनी संत जूलिओची गोष्ट काढली तेव्हा वीस माणसांनी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली, आणि मोन्झाच्या एका बाईंनी तर सापांचं पुढे काय झालं असंही विचारलं. कोमोला कोणी ना कोणी त्यांच्या बाजूने चालत होतं. बोस्सी मोठमोठ्याने बोलायचा, "तर हे कोमो. मला मेल्याला सगळी सरोवरं सारखीच दिसतात, प्रोफेसर, म्हणून आपलं म्हणून घेतो." स्वतःला अडाणी ठरवून घेण्यात त्या माणसाला इतका आनंद होत होता की मला त्याच्या झेंड्याबद्दलचं मत थोडं बदलावं लागलं.

काळजी होती ती टेकडीची. तू आणि मी शाळेतून तिथे गेलो होतो, आठवतं? सिस्टर एउफ्राझियांनी सगळी चढण आपल्याकडून जपमाळ म्हणवून घेतली होती आणि तू वाटेत चप्पल हरवलीस. चौदा घुमट्या, प्रत्येकीत जपमाळेचं एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, मातीच्या माणसाएवढ्या मूर्ती, आणि आपण जाळीच्या खिडकीतून आत बघायचं. पंधरावं रहस्य वर देवळात. एकीकडून दुसरीकडे जायला लांब चढण, आणि त्या चढणीवर भिंत नाही. पहिल्या घुमटीपाशी प्रोफेसर अप्रतिम बोलले. तिथून निघालो, वळण घेतलं, आणि ते थांबले. हात कोटाच्या बटणाशी गेला, डोळे वाटेवर. कुठून आलो, कुठे चाललो, काहीच नव्हतं त्या डोळ्यांत. देबोरा पुढे धावली, पण धावून आलेल्या माणसाने घाबरलेला माणूस आणखीच घाबरतो. मग मी काय केलं माहीत आहे? सिस्टर एउफ्राझिया करायच्या तेच. माळ हातात घेतली आणि भर रस्त्यात खणखणीत आवाजात घोषणा केली, आनंदाचं दुसरं रहस्य, मरिया आपल्या बहिणीला, एलिझाबेथला, भेटायला डोंगराळ प्रदेशात जाते. आणि सुरू केलं, नमो मरिये. मागून उत्तर यायला एक क्षण लागला. मग आलं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज बोस्सीचा. शब्द चुकत होते, पण आवाज मोठा. प्रोफेसर आमच्यामध्ये चालू लागले. खिडकीपाशी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडून वाक्य सुरू झालं होतं, "मरिया आणि एलिझाबेथ, पाहा, मूर्तिकाराने दोघींचे हात कसे घडवले आहेत…"

अशी सगळी टेकडी चढलो. लोकांना आम्ही भाविक मंडळी वाटलो असू. पाचव्या घुमटीत बाळ येशू हरवतो आणि आईबापांना देवळात पंडितांच्या घोळक्यात सापडतो. तिथे प्रोफेसर मूर्तींबद्दल काहीच बोलले नाहीत. जाळीला कपाळ टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "या पोराला माहीतच नव्हतं की आपण हरवलोय. शोधणाऱ्यांचीच पायपीट झाली. मी मात्र अजून कळण्याइतका इथे आहे. तेवढं तरी आहे." मोन्झाच्या बाई पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या, आणि मी पुढचं रहस्य सांगितलं, कारण कोणीतरी सांगायला हवं होतं.

वर देवळाबाहेर सगळे कॉफी घ्यायला बसले तेव्हा ते माझ्याजवळ आले. "सिन्योरा, तुम्ही फार मोठ्याने प्रार्थना करता." मी म्हटलं, नन्सनी बिघडवलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पूर्ण ताळ्यावर असलेल्या माणसासारखं, आणि विचारलं, "त्या बागेत माझा माइक चालू होता ना?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, प्रोफेसर, माझं यंत्र पहिल्या दिवसापासून बिघडलेलंच आहे. इतकं स्वच्छ खोटं मी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते, आणि पाद्र्याला ते सांगायचा माझा विचार नाही. ते हसले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "मग मी तुम्हाला संत जूलिओची गोष्ट सांगितलीच नसेल." आणि सांगितली. शप्पथ, मारिउच्चा, त्या दिवशी ती सगळ्यात चांगली झाली.

आता खरं ते. फेब्रुवारीत एका सकाळी ओत्तावियो मला आपल्याच विजेव्हानोच्या चौकात कमानींखाली भेटला होता. एकटा. हे मी तुला सांगितलं नव्हतं. त्याने टोपी काढली, वाकून "नमस्कार, सिन्योरा" म्हणाला, आणि स्टेशन कुठे असं अदबीने विचारलं. ज्याने मोजणीदार म्हणून आपल्या लोमेल्लीना भागातल्या प्रत्येक भातखाचराचा बांध मोजला, त्याने. मला वाटलं, आईच्या कपाटावरून आपलं वाजलं त्याचा हा टोमणा आहे, आणि मी कित्येक दिवस धुसफुसत होते. तू गावातलं दुकान सोडून पार नोवाराला जाऊन औषधं आणतेस, हे माझ्या दुकानाच्या नव्या मालकिणीने मला सांगितलं. तेव्हाही मी अर्थ लावला तो हाच, की तुला माझं तोंड बघायचं नाही. तू त्याची अब्रू झाकत होतीस, एकटी, दार लावून. मी तुला विचारत नाही, मारिउच्चा. तू काही सांगूही नकोस. फक्त रविवारी त्याला घेऊन ये. गुडघ्यासकट. राजहंसाच्या मांसाचं सॉसेज घालून रिसोत्तोचा भात करते, बोस्सीलाही बोलावलं आहे, त्याला पत्त्यांना चौथा हवा असतो आणि डाव कितव्यांदा चालला आहे हे तो मोजत नाही. ओत्तावियोने दारात टोपी काढून मला ओळख विचारली, तर मी सांगेन, मी निल्दे, तुमच्या बायकोची मोठी बहीण, तुम्हाला भेटून फार आनंद झाला. तो सभ्य माणूस आहे, त्यालाही होईल. आणि जेवण होईपर्यंत विसरला, तर पुन्हा ओळख करून घेऊ. तू तेवढ्या वेळात आतल्या खोलीत जाऊन झोप. तुझ्यासाठी अंथरूण घालून ठेवते.

तुझीच, दार उघडं ठेवून बसलेली
निल्दे