कॅप्टनची बटणं

रविवार, ५ मार्च
कॅप्टन गेला. इंजिनियरही गेला. एकाच भागात, एकाच स्फोटात.

'दूरची कक्षा' मी पहिल्या भागापासून बघतोय. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. इतकी वर्षं दर रविवारी आईशेजारी बसून पाहिली, आणि आज नेमका घरी नव्हतो. शाळेच्या ब्लेझरची ऑर्डर उद्या शिवून द्यायची, म्हणून दुकानातच मशीनवर बसून पाहिलं. टीव्ही माझ्या पाठीमागे, दाराच्या वर. समोर ट्रायलचा मोठा आरसा. मान न वळवता सगळं दिसतं आणि मशीनही थांबत नाही. ही माझी स्वतःची युक्ती. पण आज यानावरची अक्षरंसुद्धा वाचता येईनात, डोळे इतके भरून आले होते.

घरी आलो तर आई नाक पुसत होती. मला पाहून म्हणाली, जेवायला बस. बायकोचं म्हणणं, आई ठीक आहेत. बायकोला माणसं कळत नाहीत. बाबा गेल्यापासून आईचा रविवार कॅप्टनच्या जिवावर चाललाय. तिला हे झेपणार नाही.

निश्चय: आईला सावरायचं. आपण खंबीर राहायचं.

जेवण गेलं नाही. दोनदाच वाढून घेतलं.

सोमवार, ६ मार्च
दुकानात फॅन मंडळाची तातडीची सभा. मी अध्यक्ष. शेजारच्या औषधाच्या दुकानातला केमिस्ट सचिव. समोरच्या डेंटिस्ट बाई सभासद. आई ज्येष्ठ सभासद, पण तिला मुद्दाम बोलावलं नाही.

डेंटिस्ट बाईंचा जीव इंजिनियरवर होता. सकाळी एका पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून त्याला इंजिनियरची सगळी कर्तबगारी ऐकवली म्हणे. तो बिचारा मधे बोलूही शकला नाही. केमिस्टने खोकल्याच्या औषधांच्या फळीवर कॅप्टनचा फोटो लावलाय.

ठराव मंजूर: कॅप्टन परत येईपर्यंत मालिकेवर कडक बहिष्कार. तो भाग कुणीही पुन्हा पाहायचा नाही. ठरावाला विरोध झाला नाही. मी कुणाला बोलू दिलं नव्हतं.

मंगळवार, ७ मार्च, सकाळी
एका शर्टाला कॉलर लावता लावता डोक्यात लखकन प्रकाश पडला. कात्री हातातून पडायची बाकी राहिली.

स्फोटाआधी कॅप्टन जॅकेटची बटणं लावतो. बटणं डाव्या बाजूला होती! पुरुषाच्या जॅकेटला बटणं उजवीकडे असतात, हे मला झोपेतही विचारा. आणि इंजिनियरचा खिसा? डाव्या छातीवर हवा, तो उजव्या छातीवर होता. एक चूक समजू शकतो. दोन माणसांच्या कपड्यात दोन चुका हा योगायोग नाही.

ते दोघे तोतये होते. खरे दोघे शत्रूच्या कैदेत जिवंत आहेत. शत्रूकडे हवी ती शस्त्रं आहेत, पण बरा शिंपी नाही.

साऱ्या जगात हे फक्त मला दिसलं. अर्थात, जगात इतर कुणी मालिका बघताना काज-बटणांकडे बघत नसणार.

गुरुवार, ९ मार्च
सिद्धांत इंटरनेटवर टाकला. बरेच लाइक आले. एकाने विचारलं, टीव्ही नक्की कुठून पाहिलात. असल्या लोकांच्या नादी लागायचं नसतं.

आईला सांगितलं की कॅप्टन जिवंत आहे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, असेल बाबा. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

केमिस्ट म्हणाला, तो भाग एकदा बघून खात्री करू का? मी बहिष्काराची आठवण करून दिली. तो मान हलवून घाईघाईने गेला.

शुक्रवार, १० मार्च
केमिस्ट आज माझ्याशी फारच प्रेमाने वागला. घशाच्या गोळ्यांचं पाकीट दिलं, पैसे घेतले नाहीत. माझा घसा दुखत नाही. सिद्धांताचा प्रभाव.

रविवार, १२ मार्च
बहिष्काराचा पहिला रविवार. पूर्ण यशस्वी.

मालिकेच्या वेळेला आईचे दात दुखायला लागले. खरं म्हणजे आईला कवळी आहे, पण म्हणाली, कवळीच दुखतेय. डेंटिस्ट बाईंचा दवाखाना रविवारी बंद असतो, तरी खास आईसाठी उघडला. देवमाणूस. मी सोबत यायला निघालो तर आई म्हणाली, तू बस, तुझं तत्त्व सांभाळ.

परत आली तेव्हा गालातल्या गालात हसत होती. बाई इलाज चांगला करतात.

मंगळवार, १४ मार्च
शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन. मुलांच्या निम्म्या ब्लेझरना बटणं उलट्या बाजूला लागलीत म्हणे. मी म्हटलं, नीट बघा. ते म्हणाले, नीटच बघतोय. शिकलेल्या माणसांना शिवणातलं काही कळत नाही.

ब्लेझर परत आलेत. उसवायला घेतलेत.

शनिवार, १८ मार्च
मासिकात फोटो आलाय. कॅप्टनचं जॅकेट काचेच्या पेटीत मांडलंय. 'कॅप्टनच्या अखेरच्या भागात वापरलेलं' असं खाली छापलंय. बटणं उजवीकडे!

म्हणजे त्यांनी माझा सिद्धांत वाचला आणि गुपचूप चूक सुधारली. इतकी माणसं कामाला असताना एका शिंप्याला घाबरले. बायकोला फोटो दाखवला. ती काहीतरी बोलणार होती, पण मग तिने चहाचं आधण ठेवलं.

रविवार, १९ मार्च
आईची कवळी पुन्हा दुखली. त्याच वेळेला. तिला धरून न्यायला बायको गेली. केमिस्टला फोन केला तर त्याचीही दाढ ठणकतेय, तोही तिथेच. दातांची साथ आलेली दिसते.

घरात मी एकटा. टीव्ही बंद. शेजारी आईची उशी. रविवारी इतकी शांतता बरी नसते. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. थोडा वेळ बंद टीव्हीकडेच पाहिलं.

शनिवार, २५ मार्च
उद्या आर या पार. मालिकेच्या वेळेलाच दुकानात जाहीर सभा. कॅप्टनचं हुबेहूब जॅकेट मी स्वतः शिवलंय, ब्लेझर बाजूला ठेवून. ते घालून उभा राहणार आणि खरी बटणं कुठे असतात ते लोकांना दाखवणार. आई पुढच्या खुर्चीत असेल. तिच्यासमोर सगळं सिद्ध झालं की झालं.

सगळ्यांना निरोप दिलाय. सगळे म्हणाले, बघतो.

रविवार, २६ मार्च, दुपारी
भाषणाची तालीम करायला जॅकेट चढवून आरशासमोर उभा राहिलो. फिटिंग फर्स्ट क्लास.

बटणं डावीकडे.

काढून पाहिलं. बटणं उजवीकडे. पुन्हा घातलं. डावीकडे. खिसा उजव्या छातीवर. मग आरशात मागे पाहिलं. मागे टीव्ही. चालू केला. खाली बातम्यांची पट्टी सरकत होती, अक्षरं सगळी उलटी. आज माझे डोळे कोरडे होते.

स्टुलावर बसलो. आयुष्य या आरशासमोर गेलं माझं. गिऱ्हाइकांना रोज सांगतो की आरशात उजवा हात डावा दिसतो.

म्हणजे तो कॅप्टनच होता. म्हणजे तो गेला.

आता आईला कसं सांगू? मी तिला छातीठोकपणे सांगितलंय. माझ्यामुळे तिला त्याचं जाणं दुसऱ्यांदा सोसावं लागणार.

सोमवार, २७ मार्च, सकाळी
काल सभेला कुणीच आलं नाही. बरंच झालं. जॅकेट काढायचंही सुचलं नाही, तसाच समोरच्या दवाखान्यात गेलो. कवळी पुन्हा दुखतेय म्हणून आई तिथेच गेली होती. म्हटलं, तिला सांगून मोकळं व्हावं. दात दुखत असताना वाईट बातमी द्यायची म्हणजे जिवावर आलं होतं.

आत सगळे 'दूरची कक्षा' बघत होते.

पेशंटच्या खुर्चीत, पाठ मागे टाकून, पाय वर घेऊन आई. यान तीच चालवत असल्यासारखी. स्टुलांवर डेंटिस्ट बाई आणि केमिस्ट. माझी बायको जमिनीवर, मांडी घालून. बायकोने ही मालिका आजवर कधी पाहिली नव्हती.

मी दारातूनच म्हटलं, आई, कॅप्टन खरंच गेला गं.

आई म्हणाली, माहीत आहे रे. मधून बाजूला हो, दिसत नाहीये.

मग ब्रेक लागला तेव्हा केमिस्टने सगळं सांगितलं. मी बहिष्काराची आठवण करून दिली त्याच रात्री त्याने तो भाग परत पाहिला होता, आणि बटणं उजवीकडेच होती. आईने सगळ्यांना बजावलं होतं की माझ्या मुलाला इतक्यात काही बोलू नका, त्याला वेळ लागतो. त्याचे बाबा गेले, तेव्हा हा त्यांचा कोट पुरा करत बसला होता. ते ट्रायलला येतील म्हणायचा.

मी म्हटलं, मी तुझ्यासाठी करत होतो हे सगळं. आई म्हणाली, हो, ठाऊक आहे, आणि आम्ही तुझ्यासाठी दात दुखवून घेत होतो. मग तिने माझा हात धरून मला खुर्चीशेजारी बसवलं. तिथे तोंड धुवायच्या बेसिनचा कोपरा टोचतो. तरी मी हात सोडवला नाही.

नवी कॅप्टन तरुण मुलगी आहे. ठीक आहे. यान वळवताना घाई करते. आईला ती फार आवडते.

भाग संपल्यावर मंडळाची निवडणूक झाली. अध्यक्षपदी आई, बिनविरोध. मी सचिवपदासाठी हात वर केला, पण केमिस्टचं काम चांगलं आहे असं सगळ्यांचं मत पडलं. माझ्याकडे मालिका लागायच्या आधी खिडकीचा पडदा ओढायचं काम आलंय. सगळ्यांनी बजावून सांगितलंय की ओढताना टीव्हीसमोर उभं राहायचं नाही.