आटलेली लोकर

तुंगार्ली, लोणावळे
जानेवारी १९३७, मंगळवार

ती. सौ. आक्काच्या पायी महिपतीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगाची मला आता काही तोशीस पडत नाही. दिवसभर आडवाच असतो, फक्त पालथे व्हायचे बाकी असते.) तुझी तब्येत, दाजींची कंबर आणि हौशाचे नवे दात सर्व ठीक असतील अशी आशा करतो. माझे पत्र तू चिमट्याने धरून उन्हात ठेवतेस आणि मग वाचतेस, असे अंडी आणणाऱ्या बजरंगकडून कळले. म्हणून मीही शाई वाळायची वाट पाहत बसत नाही.

माझी प्रकृती उत्तम. डॉक्टर येतो, काचेची नळी तोंडात देतो, ती उजेडात धरून पाहतो आणि लोणावळ्याच्या हवेची तारीफ करून निघून जातो. डॉक्टर हवेची तारीफ करू लागला की समजावे, माणसाबद्दल बोलण्यासारखे काही राहिले नाही. दूध, अंडी आणि माशाचे तेल चालू आहे. शेठचा बंगला मोठा, पण आपण राहतो त्याच्या मागच्या खोलीत, आणि खोलीतही नाही, ओसरीवरच्या खाटेवर, कारण हवा ओसरीवर असते. माळीण ताट जोत्याच्या दगडावर ठेवते, टाळी वाजवते आणि निघून जाते. पूर्वी टाळी ऐकली की कबुतरे उडायची. आता ती खाली येतात आणि माझ्या अगोदर भातावर बसतात. त्यांना कुणी काही सांगितलेले नसावे.

कॉलेज मी आजारामुळे सोडले असे दाजी चारचौघांत सांगतात, ते त्यांनी बंद करावे. कॉलेज मी तत्त्वासाठी सोडले. प्रोफेसर म्हणाले, खोकायचे असेल तर बाहेर जा. मी बाहेर गेलो आणि परत आलो नाही, एवढीच गोष्ट. पुढे डॉक्टरांचे आणि प्रोफेसरांचे एकमत झाले, त्याला मी काय करू?

आता मुद्द्यावर येतो. या पत्रात मी तुझ्यावर रागावलेला आहे, आबांवर रागावलेला आहे आणि दाजींवर तर फारच. कारण तुला ठाऊक आहे. तरी सगळे पहिल्यापासून लिहितो, म्हणजे तुझ्या मनाला नीट लागेल.

विणकाम मला शेजारच्या बंगल्यातल्या खोरशेदबाईंनी शिकवले. पारशी म्हातारी आहे, एकटीच असते, आणि पावसाळा सरल्यापासून कुंपणापलीकडे आरामखुर्चीत बसून हातातल्या सुयांकडे न बघता विणत असते. एके दिवशी मी खाटेवरून ओरडलो की बाई, मला पण शिकवा, नाहीतर मी छपराचे वासे मोजून वेडा होईन. ती म्हणाली, "शिक नी दीकरा, पन तिथ्थेच बसून शिक." मग कुंपणावरून सुया आल्या, लोकरीचा गुंडा आला आणि नाकाला रुमाल लावून तिची शिकवणी सुरू झाली. (गुंडे तिकडून इकडे येत, इकडून तिकडे कधी गेले नाहीत. एकदा मी उरलेला गुंडा परत फेकला तर तिने तो काठीने ढकलत नाल्यात घातला आणि वर मला हसून हात केला.) ती माझ्यासमोर तोंड करून बसलेली, त्यामुळे तिचा उजवा तो माझा डावा झाला आणि मी सगळे विणकाम डावखुरे शिकलो. माझे विणणे बघून ती कपाळाला हात लावत असे. पण वीण पक्की पडायची. ते तिनेही कबूल केले.

ठरवले की दिवाळीला घरच्या सगळ्यांना आपल्या हातचे काही द्यायचे. आक्का, हे नीट समजून घे. बाराखडी गिरवणाऱ्या पोरापासून इंटरच्या वर्गापर्यंत मी जे जे केले त्यातले कुणाच्या उपयोगी पडेल असे काहीही नव्हते. आणि या जागी येऊन पडल्यापासून मी हात लावला ते ताट वेगळे, तो तांब्या वेगळा, ती वाट वेगळी. मला एवढेच पाहायचे होते की माझ्या हातची एक तरी वस्तू कुणी सरळ उचलून अंगावर घालतो की नाही. बाकी थंडी वगैरे निमित्त.

पहिला दाजींचा गळपट्टा. तो तेवढा लांब का झाला, याचा खुलासा आज करतो. खोरशेदबाईंनी मला सुरुवात शिकवली, सुलट शिकवले, उलट शिकवले, आणि टाके बंद कसे करायचे ते शिकवण्याअगोदर भाचीच्या लग्नाला मुंबईला निघून गेल्या. सुया काढाव्यात तर सगळे उसवणार. मग मी विणत राहिलो. गळपट्टा खाटेवरून उतरला, ओसरीवरून गेला, पायरीवर पोचला. माळीण तो ओलांडून ताट ठेवू लागली. बाई परत आल्या तेव्हा मी मान खाली घालून विणतच होतो. कुंपणावरून पाहून त्या म्हणाल्या, "कोनचा गला आहे रे, उंटचा?" दाजींची मान मी कधी निरखून पाहिलेली नाही, पण उंटाएवढी नसावी हे मलाही पटले.

दुसरी आबांची कानटोपी, तपकिरी. तिचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा झाला, पण आबांना त्या कानाने कमीच ऐकू येते, म्हणून तसाच राहू दिला. तिसरी हौशाची बंडी, पिवळी, पुढे कमळ. (ते बटाट्यासारखे दिसते असे तू लिहिलेस. ते कमळ आहे.) आणि चौथी एक लाल शाल, जी तुला ठाऊक नाही. ती मी बजरंगबरोबर अंड्यांच्या रिकाम्या पाटीत घालून मळवलीला पाठवली, अंबाजीकाकांच्या मुक्तासाठी. आता कपाळाला आठ्या घालू नकोस. अंबाजीकाकांनी तिची-माझी सोयरीक मोडली नाही, नुसती पुढे ढकलली आहे असे आबा सांगतात. किती पुढे ते काका सांगत नाहीत, आणि मधल्या काळात तिला पाहायला चाकणची माणसे येऊन पोहे खाऊन जातात, हे सगळे मला कळते. मी आजारी आहे, बहिरा नाही. शाल बजरंगने लोणावळ्याच्या बाजारातली म्हणून काकूंच्या हाती दिली आणि मुक्ताला विहिरीवर खरे सांगितले.

मग तुमची पत्रे आली. आबांनी पोस्टमास्तरकडून लिहवले की टोपी झकास, डोक्यावरून उतरवत नाही. दाजींनी लिहिले की गळपट्ट्याने कार्यालयात सर्वांचे लक्ष वेधले. तू लिहिलेस की हौशा बंडी काढू देत नाही, झोपतोही तिच्यातच. मी ती तिन्ही पत्रे इतक्यांदा वाचली की घड्यांवर फाटली. खोरशेदबाईंना ओरडून वाचून दाखवली. त्यांनी खुशीत येऊन कुंपणावरून एक केक फेकला.

परवा बजरंग अंडी घेऊन आला. मी सहज विचारले, काय रे, आबा टोपी घालतात का? बजरंग खोटे बोलायला लागला की पागोटे काढून परत बांधतो. तीनदा बांधून झाल्यावर म्हणाला, "टोपी हाय की. लय बेस हाय. हरबऱ्यात हाय." हरभऱ्यात म्हणजे? तर बुजगावण्याच्या डोक्यावर. त्याचा एक कान मोठा आहे म्हणून पाखरे जास्त भितात, अशी वर तारीफ. मी म्हटले, मग जाळून का नाही टाकली? बजरंग खाली बघून म्हणाला, "आमी तेच बोललो. पर आबास्नी जाळवंना. जित्या पोराच्या हातचं हाय म्हनले, आगीत कसं घालू."

मग त्याच्याकडून एकेक करून सगळे वदवून घेतले. दाजींनी गळपट्टा तीन पाण्यांत रटरट उकळवला, तो आटून दोरखंडासारखा झाला, आणि सध्या त्याने तुमची शेळी बांधतात. (गळपट्टा शेवटी गळ्यातच आहे, एवढे माझे समाधान.) आणि तू, आक्का. तू बंडी कडुनिंबाचा पाला घालून उकळलीस, ती मुठीएवढी झाली, आणि आता ती मांजराच्या पिलाच्या अंगात आहे. मांजर ती काढू देत नाही, झोपतेही तिच्यातच. म्हणजे पत्रात तू अगदीच खोटे लिहिले नव्हतेस, फक्त नाव बदलले होतेस.

आई असती तर तिने उकळले असते की घातले असते, याचा विचार मी करायचा नाही असे ठरवले आहे.

माझे डोके फिरले. सुया मी कुंपणापलीकडे फेकल्या, त्यातली एक खोरशेदबाईंच्या चहाच्या किटलीत उभी राहिली. बाकीची लोकर विस्कटून टाकली, काचेची नळी आपटायला घेतली, पण तीत माझाच ताप होता, म्हणून ठेवून दिली. आणि मनात आले, तिघांचे कळले, आता चौथ्या ठिकाणी काय झाले ते डोळ्यांनी बघून येऊ. राख असेल तर राख बघू. अंगात कोट चढवला, बजरंगला तिथेच पाटीपाशी बसवले आणि स्टेशनावर चालत गेलो. वाटेत चार ठिकाणी बसलो. गाडीत लोक दाटीने बसले होते. मी बाकाच्या टोकाला टेकलो आणि दोनदा खोकलो, तर अख्खा बाक मोकळा झाला. एवढ्या ऐसपैस जागेत मी आयुष्यात बसलो नव्हतो. एक म्हातारी तेवढी उठली नाही. नंतर कळले की तिला दिसत नव्हते.

मळवलीला उतरलो. पाहिले. शाल जळालेली नव्हती. परतीच्या गाडीने आलो. त्या विषयावर यापुढे लिहायचे नाही.

आल्यावर ताप चढला. डॉक्टरने आज हवेबरोबर देवाचीही तारीफ केली. तरी माझा राग उतरलेला नाही, हे दाजींना वाचून दाखव. यापुढे मी सुईला हात लावणार नाही. तुम्हा सर्वांना बाजारच्या, यंत्रावरच्या, परक्या माणसांच्या वस्तू लखलाभ होवोत. त्या तुम्ही उकळत नाही, त्या कुणी विणल्या आणि तो कसा खोकत होता, हे तुम्हाला माहीत नसते म्हणून.

आबांना नमस्कार. दाजींना नमस्कार, पण थोडा. हौशाला आशीर्वाद. मांजराला बंडी घट्ट होत असेल तर काखेत कापावी.

तुझा धाकटा,
महिपती

ता. क. बंडीबद्दल वर जे लिहिले ते खोडायला हवे होते, पण पान खराब होते. तू केलेस ते बरोबर केलेस. हौशाला ती तशीच घातली असतीस तर मी तुला माफ केले नसते. हे दाजींना वाचून दाखवू नकोस.

आणखी ता. क. पत्र यासाठी लिहितो आहे. मळवलीला मी मुक्ताला पाहिले. स्टेशनापलीकडच्या विहिरीवर होती, मी बाभळीच्या आड. शाल तिच्या अंगावर होती. नुसती अंगावर नाही. हंडा उचलताना तिने शालीचे टोक दातांत धरले, आणि हंडा डोक्यावर गेल्यावरही ते सोडले नाही, तसेच तोंडात धरून चालत घरापर्यंत गेली. तिची ती सवय जुनी आहे, पदर असाच चावते. परत आल्यावर बजरंगला खोदून विचारले. म्हणाला, पाण्याला लावली न्हाई, वास जाईल म्हनती, उशाला घेऊन निजती. आक्का, मला जे पाहायचे होते ते पाहायला मिळाले, आणि मी बाभळीला धरून खाली बसलो. ती शाल विणताना मला दोनदा मोठी उबळ आली होती. लोकर लाल होती, म्हणून काही दिसले नाही. तेव्हा मला ते बरेच वाटले होते.

तू संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मळवलीला जा. पोचल्याबरोबर शाल काढून घे. मागितलीस तर देणार नाही. रोगाचे सांगितलेस तर मुळीच देणार नाही, उलट रात्रंदिवस गुंडाळून बसेल. म्हणून असे सांग, की महिपतीने ती दुसऱ्या मुलीसाठी विणली होती, बजरंगच्या चुकीने इकडे आली, आता त्याने परत मागितली आहे. ती माझ्यासारखीच तापट आहे, तुझ्या तोंडावर फेकील. तू अगोदरच पदर नाकाला लावून उभी राहा, आणि झेल. नंतर ती चाकणच्या माणसांना हो म्हणाली तर म्हणू दे. मला कळवू नकोस. घरी आणून उकळ, दाजींनी गळपट्टा उकळला त्याच्या दुप्पट उकळ. जाळू मात्र नकोस. आबांनी टोपी जाळली नाही.

शेवटचे. बजरंगबरोबर लोकर पाठव, लाल नको, पांढरी पाठव, आणि जरा जास्त पाठव. खोरशेदबाईंनी किटलीतली सुई धुऊन दुसरीसकट परत फेकली आहे. या खेपेस बैलगाडी झाकेल एवढी शाल विणायला घेतो. तुम्ही सगळ्यांनी मिळून कितीही उकळली, तरी आटून आटून कुणाच्या तरी खांद्याएवढी उरेलच.