लंडनचं मेडल आणि मी

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज रोजनिशी. कारण आज घडलंच तसं. २० तारखेला आमच्या पंप कंपनीचा युबिलेउम, म्हणजे जर्मनमध्ये वर्धापनदिन. मीटिंगमध्ये मालक हेर लुगश्टाइनर यांनी विचारलं, कंपनीच्या मेडलवर स्टेजवरून कोण बोलेल. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, १८६२च्या लंडन प्रदर्शनात, त्यांच्या खापरपणजोबांच्या पंपाला मिळालेलं ब्राँझ मेडल. बारा जण टेबलाकडे बघत बसले. मी हात वर केला. टीमलायटरची, म्हणजे टीमप्रमुखाची, जागा रिकामी आहे. जो स्टेजवर, तोच टीमलायटर. शेंबडं पोरही सांगेल.
बायको, चारुलता, म्हणाली, असं कुणी म्हटलंय का? हिला दूरदृष्टी नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार
मेडल अभ्यासासाठी घरी आणलं. तीन फॉर्म्युलार, चार सह्या. सिंहासनावर ब्रिटानिया, शेजारी सिंह, पण सगळं काळंकुट्ट. टेस्टिंगमधला पुष्कर म्हणाला, गुरुदत्त, याला हात लावू नकोस, किंमत त्या काळेपणालाच असते. जळतो, दुसरं काय.

६ सप्टेंबर
भाषण उद्यापासून.

७ सप्टेंबर, रविवार
चिंच, मीठ, वीस मिनिटं. चारुलता म्हणाली, अरे, विचारून तरी घे. भांडी घासायला आपल्याला हे कंपनीवाले शिकवणार? लखलखीत निघालं. आणि कडेवर बारीक अक्षरं सापडली, इतक्या वर्षांत कुणाला दिसली नव्हती: ‘ब्राऊनहोल्ट’. ही आमची जुनी प्रतिस्पर्धी कंपनी. लुगश्टाइनर कुठेच नाही. केवढा शोध! उद्या सगळ्यांसमोर सांगणार.

८ सप्टेंबर
सांगितलं. मेडल आपलं नाहीच, हे भिंगासकट दाखवलं. आमच्या लेटरहेडवर, व्हॅनवर, कॉफीच्या मगांवर तेच छापलंय, हेही लक्षात आणून दिलं. हेर लुगश्टाइनर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. भारावले असावेत. मग म्हणाले, आल्झो, तर मग, हे धुतलं कशानं. मी मिठाच्या प्रमाणासकट कृती सांगितली. सेक्रेटरीबाईंनी तारीख घालून लिहून घेतली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
ईमेल. वेळेअभावी मेडलवरचं भाषण रद्द. म्हणजे माझ्यासाठी काहीतरी मोठं योजलंय. घरी बोललो नाही. इरा शाळेत सांगून बसलीय, बाबा स्टेजवर जाणार म्हणून.

१८ सप्टेंबर
जबाबदारी आली. पाहुण्यांचं पार्किंग. पिवळं जॅकेट मिळालं. गेनाऊ, अगदी बरोबर! माणसं कशी हाताळतो ते इथेच बघणार. घरी उद्या सांगेन.

२० सप्टेंबर, शनिवार
सांगायचं राहिलं. गाड्या चोख लावल्या, एक ओरखडा नाही. हॉलमधल्या स्पीकरवरून नवा टीमलायटर म्हणून पुष्करचं नाव ऐकू आलं. टाळ्या बऱ्याच होत्या.
चारुलता आणि इरा हॉलभर शोधून शेवटी पार्किंगमध्ये आल्या. चारुलता नवी साडी नेसली होती. तिनं माझ्या जॅकेटची कॉलर सरळ केली. फार लाज वाटली. इरानं जर्मनमध्ये विचारलं, बाबा, स्टेजवर कधी जाणार.
म्हटलं, गाड्या संपल्या की.
शेवटची गाडी येऊन अर्धा तास झाला होता.